वांदरांचा ताण मोजायचा कसा: खानापूरच्या रानाकाठी वर्षभराचा अभ्यास

मृगाचा पहिला पाऊस पडला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या गोठ्यांत एकाच आजाराची धास्ती असते, घटसर्पाची. उन्हाळाभर पिंजरावर काढलेला रेडा, त्यात चिखलणीचं काम आणि वरून गार पावसाची झोड. गळा सुजतो, श्वास घरघरायला लागतो आणि एकदोन दिवसांत जनावर जातं. आपल्या बापजाद्यांना यातला जंतू माहीत नव्हता, पण उपासमार, कष्ट आणि हवापालट एकत्र आले की जनावर आजाराला बळी पडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घटसर्पाचा पाश्चुरेला जंतू कित्येक निरोगी जनावरांच्या घशात मुकाट बसलेला असतो. अंगातली राखण ढिली पडली की तो उचल खातो.

हेच रानातही घडतं. मे २०१५ मध्ये कझाकस्तानात सायगा जातीची दोन लाखांहून जास्त हरणं काही आठवड्यांत मेली. जंतू तोच होता आणि तोही आधीपासून अंगातलाच. त्या दिवसांत हवा मात्र नेहमीपेक्षा दमट आणि उबदार होती.

ताण, वागणूक आणि रोगप्रतिकारशक्ती यांचं हे नातं आपल्या भागात राहून, प्राण्याला हातही न लावता कसं अभ्यासता येतं, ते या लेखात टप्प्याटप्प्याने मांडतो. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी मुलं, विज्ञानाचे शिक्षक आणि रानाची ओढ असलेली गावातली माणसं डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. हाताशी हवीत एक वर्ष, दोन-तीन चिकट माणसं आणि एक साधा सूक्ष्मदर्शक.

आधी अंगात काय घडतं ते समजून घ्या

हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं की थंडी, जखम, विष असे त्रास वेगवेगळे असले तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखा असतो. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी मोठ्या होतात आणि थायमस ही प्रतिकारशक्तीची ग्रंथी आक्रसते. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, यातच आपल्या विषयाचं बीज आहे.

कुत्रं अंगावर आलं की वांदराच्या अंगात पहिल्या काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन उसळतं. त्याच वेळी मेंदूतला हायपोथॅलॅमस मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, पिट्युटरी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला, आणि काही मिनिटांत रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं. कॉर्टिसॉल यकृतातून साखर मोकळी करतं आणि सध्या नको असलेली कामं मागे ढकलतं. पचन, वाढ, प्रजनन ही त्यातली कामं. धोका टळला की तेच कॉर्टिसॉल मेंदूला आता पुरे असं कळवतं आणि नळ बंद होतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ताण म्हणजे प्रतिकारशक्ती घटली, असं सरसकट धरलं जातं. थोड्या वेळाचा ताण उलट शिपायांना चौकीवर आणतो. रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कातडी आणि लसिकाग्रंथींकडे सरकतात, कारण आता चावा बसण्याची, जखम होण्याची शक्यता असते. रक्तात त्या कमी दिसतात आणि न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. नुसता रक्ताचा अहवाल बघणाऱ्याला पेशी मेल्या असं वाटतं, पण त्या फक्त जागा बदलतात. हाच ताण आठवडे, महिने चालला की चित्र पालटतं. कॉर्टिसॉल पेशीच्या केंद्रकात शिरून दाह पेटवणाऱ्या जनुकांना दाबत राहतं, नव्या पेशी कमी बनतात, जखमा उशिरा भरतात आणि पोटातल्या जंतांना मोकळं रान मिळतं.

हा रस्ता दुहेरी आहे, ते विसरू नका. जंतू शिरला की प्रतिकारपेशी इंटरल्युकिन नावाचे निरोप मेंदूकडे पाठवतात, आणि त्याने कॉर्टिसॉलही वाढतं. प्राणी एका कोपऱ्यात गुमान बसतो, खात नाही, कळपापासून लांब राहतो. हे आजारी वागणं हासुद्धा बचावाचाच भाग आहे. म्हणजे ताणाने आजार आला की आजाराने ताण, हे एका नमुन्यावरून कधीच कळत नाही. त्यासाठी त्याच प्राण्याचा महिनोन् महिने माग ठेवावा लागतो.

प्राणी कोणता निवडायचा

गवा निवडू नका. भीमगडच्या रानात गवे भरपूर आहेत आणि शेणही ढीगभर मिळतं, पण कुठलं शेण कुठल्या गव्याचं हे सांगता येत नाही आणि वागणूक दिसते ती पळत्या पाठीची. बारापेडेच्या गुहेतल्या रॉटनच्या वटवाघळांचं नाव काढलं की मुलांचे डोळे चमकतात, पण त्या गुहांकडे फिरकूसुद्धा नका. इतक्या मोजक्या जागी राहणाऱ्या प्राण्याला अभ्यासाच्या नावाखाली उठवणं हाच मोठा ताण आहे.

वांदर घ्या. जांबोटी, नेरसे, गुंजी, लोंढा, कुठल्याही गावाच्या कडेला काळ्या तोंडाच्या वांदरांची टोळी असते. ती दिवसाउजेडी दिसते, ओळखता येते, आणि तिच्या आयुष्यात मोठे चढउतार असतात. आपल्या शेजारच्या धारवाडच्या रानात १९६१ पासून युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकांनी वांदरांच्या टोळ्या पाहिल्या. बाहेरचा हुप्या टोळी बळकावतो आणि आधीच्या हुप्याची अंगावर पिणारी पिल्लं मारतो, ही जगभर गाजलेली नोंद तिथलीच. हुप्या बदलणं ही वांदरींसाठी केवढी उलथापालथ असते, याची कल्पना यावरून यावी.

जमलं तर दोन टोळ्या घ्या. एक गावाशी, देवळाशी सलगी असलेली, दुसरी रानातली. तुलना केल्याशिवाय या विषयात काही हाती लागत नाही.

परवानगी आणि गोचीड

ही दोन्ही कामं कंटाळवाणी आहेत, पण टाळायची नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. आत पाऊल टाकायचं किंवा विष्ठा उचलायची तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. अभयारण्याबाहेर काम असलं तरी परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांना आधी भेटा. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला तर काम लवकर होतं, हा माझा अनुभव. टोळी चंदगड किंवा दोडामार्गच्या बाजूला जात असेल तर महाराष्ट्राची परवानगी वेगळी काढा. वांदरांना सीमा नसली तरी आपल्याला आहे.

आता माकडताप. १९५७ मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या रानात सापडलेला हा विषाणू २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात पोचला. आपण या दोन्हींच्या शेजारीच आहोत. गोचिडीच्या पिल्लांमार्फत तो पसरतो, आणि डिसेंबर ते मे हे त्याचे दिवस. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पॅन्ट मोज्यात खोचा, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल लावा, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंग तपासा. मेलेलं वांदर दिसलं तर हात लावू नका. जागा लिहा आणि लगेच वनखात्याला व आरोग्य केंद्राला कळवा. विष्ठा उचलताना हातमोजे आणि मास्क हवाच.

पहिला महिना फक्त ओळख

नमुना एकही घेऊ नका. फाटलेला कान, शेपटीची वाकडी टोकं, बोटाची व्यंगं, भुवईवरचा डाग बघून प्रत्येकाला नाव द्या आणि वहीत चित्र काढा. फोटोपेक्षा हाताने काढलेलं चित्र जास्त लक्षात राहतं. निदान आठ-दहा मोठ्या माद्या डोळे झाकून ओळखता आल्याशिवाय पुढे जाऊ नका. या महिन्यात टोळीलाही तुमची सवय होते. पहिल्या आठवड्यात दिसणारी घबराट तुमच्यामुळेच असते, ती मोजण्यात अर्थ नाही.

वागणूक लिहायची पद्धत

एका वेळी एकच वांदर. दहा मिनिटं फक्त तिच्याकडे बघायचं, शेजारी कितीही मारामारी झाली तरी. दिवसभरात कोणाला कधी बघायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर मन आपसूक भांडखोर वांदराकडेच वळतं आणि सगळी टोळी तापट असल्यासारखी वही भरते.

काय लिहायचं? खाणं, बसणं, चालणं हे तर आहेच. पण ताणासाठी चार गोष्टी बारकाईने टिपा: अंग खाजवणं, जांभई, मान वर करून चौफेर बघणं आणि एकमेकींच्या अंगातल्या उवा-गोचिडी वेचणं. माकडवर्गीयांत स्वतःला वारंवार खाजवणं ही अस्वस्थतेची चांगली खूण मानली जाते. वेचणं हा तर या विषयाचा गाभाच. त्याने अंगावरच्या गोचिडी कमी होतात, म्हणजे सरळ आरोग्य सुधारतं. आणि बार्बरी माकडांच्या माद्यांत असं दिसलं आहे की जी जास्त वेळ दुसरीच्या उवा वेचते, तिच्या विष्ठेत ताणाचं हार्मोन कमी असतं. वेचून घेणारीपेक्षा वेचणारीला जास्त फायदा. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

जवळून कसं दिसतं ते सांगतो. नेरशाच्या पुढे एका उंबराखाली मी बसलो होतो. कानफाटी नावाची मादी पिल्लाला पोटाशी धरून फांदीच्या बेचक्यात होती. खालून दुचाकी गेली, तिने मान वर केली, पुन्हा उंबर चावायला लागली. मग पलीकडच्या आंब्यावर अनोळखी हुप्याचा हुंकार आला. खाणं थांबलं. डाव्या हाताने ती उजवी मांडी खाजवू लागली, थांबली, पुन्हा खाजवलं. दहा मिनिटांत अकरा वेळा. दुचाकीच्या आवाजाने जे झालं नाही ते एका हुंकाराने झालं. ताण कशाचा, हे आपण ठरवायचं नसतं.

विष्ठा गोळा करणं

झोपायच्या झाडावरून टोळी उठते ती वेळ गाठा. उजाडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक जणी पोट मोकळं करतात. कोणाची विष्ठा हे डोळ्यांनी पाहिलं असेल तरच उचला, अंदाजाने नको. तासाभराच्या आतली, मूत न लागलेली, पावसाने न भिजलेली हवी. लाकडी काडीने सगळी एकजीव करा, कारण हार्मोन गोळ्यात सगळीकडे सारखं नसतं. मग तिचे दोन भाग करा.

हार्मोनचा भाग ताबडतोब बर्फाच्या डब्यात आणि त्याच दिवशी उणे २० अंशाच्या फ्रीझरमध्ये. फ्रीझर नसेल तर आधी विष्ठेचं वजन करून ठरावीक मापाच्या इथेनॉलमध्ये बुडवा. सगळ्या नमुन्यांना माप एकच, आणि तपासणीपर्यंतचा काळही शक्यतो एकच. हार्मोन हळूहळू इथेनॉलमध्ये उतरतं, म्हणून ते ओतून टाकायचं नाही.

जंतांचा भाग मात्र गोठवायचा नाही. गोठवलं की अंडी फुटतात. तो साध्या फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत तपासा.

डबीवर पेन्सिलीनेच लिहा: वांदराचं नाव, तारीख, वेळ, झाड, पाऊस. शाईचं नाव इथेनॉलच्या एका थेंबाने पुसलं जातं.

पहिल्या वर्षी आषाढात आमच्याकडे सलग दोन दिवस वीज गेली. फ्रीझर वितळला आणि मी नमुने पुन्हा गोठवून तपासणीला दिले. आकडे विचित्र आले. विष्ठेतले जिवाणू गरम हवेत हार्मोनचे तुकडे बदलत राहतात आणि आकडा वर किंवा खाली कुठेही जातो. सगळा डबा टाकून द्यावा लागला. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात काम करणाऱ्याने इथेनॉलची तयारी ठेवूनच पावसाळ्यात उतरावं.

प्रयोगशाळेत काय होतं

विष्ठेत कॉर्टिसॉल जवळपास नसतंच. यकृत त्याचे तुकडे करतं आणि ते पित्तातून आतड्यात उतरतात. हे तुकडे प्रत्येक जातीत वेगळे, म्हणून उंदरासाठी बनवलेला किट वांदराला चालेलच असं नाही. या जातीत ही चाचणी खरी ठरली आहे का, हे आधी विचारा. ती पारख करायची एक पद्धत अशी: प्राण्याला पकडणं, हलवणं अशा नक्की ताणाच्या घटनेनंतर आकडा वाढतो का ते पाहणं. कुणी सुटका केलेलं वांदर दवाखान्यात आलं, तर परवानगीने त्याच्या पुढच्या चार-पाच दिवसांच्या विष्ठेवर ही पारख होते.

नमुना ८० टक्के मिथेनॉलमध्ये घुसळून हार्मोन काढतात आणि एन्झाइम इम्युनोअ‍ॅसे नावाच्या चाचणीने मोजतात. हे काम गावात होत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्रावर काम करणाऱ्या संस्थेची लाकोन्स ही प्रयोगशाळा वन्यप्राण्यांच्या विष्ठेतल्या हार्मोनवर काम करते. आपल्या कॉलेजमार्फत तिथे किंवा एखाद्या पशुवैद्यकीय विद्यापीठाकडे सहकार्य मागता येतं.

आकडा मिळाल्यावर पहिली गोष्ट म्हणजे तारीख मागे सरकवणं. हार्मोनचे तुकडे पित्तातून आतड्यात उतरल्यापासून विष्ठा पडेपर्यंतचा काळ हाच त्यांच्या प्रवासाचा काळ; पान पोटात आंबतं तो वेळ त्यात येत नाही. वांदरांत तो साधारण एक ते दोन दिवस धरा. मंगळवारी कुत्री मागे लागली असतील तर ते बुधवार-गुरुवारच्या विष्ठेत दिसेल. गुरुवारच्या आकड्याला गुरुवारची वागणूक जोडणारी वही वाया जाते.

जंतांची मोजणी गावातच करा

तीन ग्रॅम विष्ठा, ४२ मिलिलिटर मिठाचं संपृक्त पाणी. लिटरभर पाण्यात साधारण ४०० ग्रॅम मीठ विरघळवलं की ते तयार होतं. घोटा, गाळा आणि मॅकमास्टर या अंडी मोजायच्या काचपट्टीच्या दोन्ही खणांत भरा. पाच मिनिटं थांबा, अंडी वर तरंगतात. दोन्ही खणांतली रेघांमधली अंडी मोजून ५० ने गुणा: ही झाली एका ग्रॅममधली अंडी. एखाद्या दिवशी शून्य आलं म्हणजे जंत नाहीत असं नव्हे, मादी जंत रोज सारखी अंडी घालत नाही. म्हणून प्रत्येक वांदराचे महिन्यात निदान तीन नमुने हवेत.

प्रतिकारशक्ती थेट मोजायची तर विष्ठेतलं आयजीए हे प्रतिपिंड किंवा मुतातलं निओप्टेरिन, म्हणजे प्रतिकारपेशी जाग्या झाल्याची खूण, मोजतात. पैसे आणि प्रयोगशाळा असतील तर नक्की करा. नसतील तर जंत, गोचिडी, केसांची चमक, जखम भरायला लागलेले दिवस आणि पोटाचा आकार यांतूनही बरंच कळतं. जखमेचे दिवस मोजणं तर फुकट आहे आणि कोणी करत नाही.

आकडे वाचताना

एका वांदरीची तुलना आधी तिच्याच जुन्या आकड्यांशी करा. गाभण मादीचा आकडा वाढतोच, त्यात काळजीचं काही नाही. हुप्यांचा आणि माद्यांचा आकडा एकत्र करू नका. सुकलेल्या फाल्गुन-चैत्रातल्या पानांमुळे विष्ठा वेगळी होते आणि आकडाही हलतो, म्हणून ऋतू वेगळे ठेवा.

आकडा दोन-चार दिवस चढला, खाजवणं वाढलं, जंत तेवढेच राहिले, तर काहीतरी घडलं आणि निवळलं. शरीर ठाकठीक चाललं आहे. आकडा दोन-तीन महिने वरच राहिला, वेचणं कमी झालं, अंडी वाढत गेली आणि जखमा रेंगाळल्या, तर टोळी खरंच अडचणीत आहे. आणि अंडी आधी वाढली, आकडा नंतर चढला, तर संशय आजारावर घ्या, माणसांच्या त्रासावर नाही. म्हणूनच तिन्ही नोंदी एकाच प्राण्याच्या आणि सलग हव्यात.

कमी आकडा बघून निश्चिंत होणाऱ्यांसाठी कर्नाटकातल्या हासन जिल्ह्याच्या हत्तींची गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंदीपूर-नागरहोळेच्या संरक्षित रानातल्या हत्तींशी हासनकडच्या शेतवस्तीत फिरणाऱ्या हत्तींची तुलना केली होती. अंदाज असा की फटाके, आरडाओरडा, पाठलाग सोसणाऱ्या हत्तींत ताणाचं हार्मोन जास्त असेल. निघालं उलटं. पिकं खाणाऱ्या हत्तींत ते कमी होतं, आणि पिकांच्या पोसदार खाण्यामुळे तसं झालं असावं, असा निष्कर्ष मांडला गेला. पण पोट भरलेला हत्ती विजेच्या तारेपासून सुरक्षित नसतो. आपल्याकडे दांडेलीच्या बाजूने खानापूर, चंदगड, तिलारीकडे फिरणाऱ्या हत्तींबद्दल बोलताना हे ध्यानात ठेवावं. उलट २०१९ मध्येच कान्हा आणि बांधवगडच्या वाघांत पर्यटनाच्या हंगामात आकडे चढलेले दिसले. दोन्ही खरं आहे. हार्मोन शरीरावरचा भार सांगतं, प्राण्याचं भविष्य सांगत नाही.

देवळाजवळच्या टोळीतही असाच चकवा बसतो. केळी-बिस्किटं खाणाऱ्या वांदरांचा आकडा कमी येऊ शकतो. पण खाणं एका जागी पडलं की टोळी दाटीने बसते, एकाच मातीत विष्ठा पडते, तिथेच खाल्लं जातं आणि जंत एकाकडून दुसऱ्याकडे जातात. त्या टोळीत हार्मोन कमी आणि अंडी जास्त असं दिसलं तर दचकू नका. जागा बघा, आकड्याचं कारण तिथेच सापडेल.

वर्ष संपल्यावर

नोंदवहीच्या दोन प्रती काढा. एक परिक्षेत्र वनकार्यालयात द्या, दुसरी गावात ठेवा. गावातली प्रत मराठीत आणि कन्नडमध्येही असू द्या, आणि नुसते आकडे न देता प्रत्येक मादीचं चित्र, तिचं वर्ष आणि टोळीवर कुठल्या महिन्यात काय गुदरलं ते लिहा. भाताची कापणी, देवळाची जत्रा, रस्त्याचं रुंदीकरण, कुत्र्यांचा सुळसुळाट, सगळं तारखेसह. माणसांनी केलेल्या कुठल्या गोष्टीनंतर आकडा खाली आला, हेही लिहा. आमच्या टोळीत देवळाच्या पायरीवर खाणं टाकणं बंद करून ते लोकांनी बांधापलीकडे पांगवून ठेवायला सुरुवात केली, आणि पावसाळा संपेपर्यंत कानफाटीच्या विष्ठेतली अंडी निम्म्यावर आली. एका मादीवरून काही सिद्ध होत नाही. म्हणून या मार्गशीर्षात दोन्ही टोळ्यांच्या सगळ्या माद्यांचे नमुने पुन्हा सुरू करतो आहे.